शाळेसमोरचा रस्ता आणि मुलांची सुरक्षितता

रस्त्यावरील अपघाताच्या वर्दीत एक वाक्य वारंवार आढळते : ‘मूल अचानक आडवे आले.’ चालक तसे सांगतो, जमलेले लोक त्यास दुजोरा देतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातही तेच छापून येते. या वाक्यातील ‘अचानक’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. शाळा ठरलेल्या वेळी भरते व ठरलेल्या वेळी सुटते. तिच्या अलीकडे मुलांचे चित्र असलेला लाल त्रिकोणी फलक बहुधा उभा असतो. शंभर-दीडशे मुले रोज त्याच जागी, त्याच सुमारास रस्ता ओलांडतात. जी गोष्ट रोज घडते तिला अचानक घडलेली म्हणणे कितपत योग्य आहे?

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते आणि अठरा वर्षांखालील मृतांची संख्या ९,५२८ होती. म्हणजे दररोज सरासरी २६ मुले. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जणांचे प्राण गेले. हे आकडे मोठे आहेत म्हणूनच ते मनावर फारसे उमटत नाहीत. एखाद्या गावातील एक मूल गेले म्हणजे मात्र त्या गावाला त्यांचा अर्थ कळतो. प्रस्तुत लेखात नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण या जिल्ह्यातील रस्ते आणि येथील मुले या दोहोंची स्थिती शहरांपेक्षा वेगळी आहे.

जिल्ह्याचे रस्ते

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ भाग आणि दक्षिणेस तापीकाठची सपाटी अशी त्याची रचना आहे. सुरतेकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ६ होता व आता ५३ आहे, नवापूर व विसरवाडी येथून कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जातो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्ग अक्कलकुवा, तळोदा व शहादा या तीन तालुक्यांच्या गावांना जोडतो. विसरवाडीहून नंदुरबार, प्रकाशा, शहादा असा खेतियामार्गे सेंधव्यास जाणारा तिसरा मोठा रस्ता आहे. गुजरात व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांची मालवाहतूक या रस्त्यांवरून चालते. या वाहनांच्या चालकांपैकी पुष्कळांना वाटेतील गावांची नावेही ठाऊक नसतात. त्यांच्या दृष्टीने गाव म्हणजे वेग कमी करावा लागणारी एक अडचण होय.

गावांच्या बाजूने पाहिले तर हा रस्ता म्हणजे गावाचेच अंगण होते. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायतीचे कार्यालय, एस.टी.चा थांबा हे सर्व सोयीसाठी रस्त्याच्या कडेलाच बांधले गेले. त्या काळी ते योग्यही होते. पुढे रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, वळणे सरळ झाली. शाळा मात्र जेथे होती तेथेच राहिली. रस्त्याचे रुंदीकरण ही निःसंशय विकासाची गोष्ट आहे. परंतु ज्या दिवशी रस्ता रुंद झाला त्या दिवसापासून मुलाला तो ओलांडण्यास अधिक वेळ लागू लागला व वाहनाला तेथे पोहोचण्यास कमी, ही दुसरी बाजू कागदोपत्री क्वचितच नोंदली जाते.

साखर हंगामात या परिस्थितीत आणखी भर पडते. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरचा सातपुडा सहकारी साखर कारखाना व नवापूर तालुक्यातील डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखाना यांच्या परिसरात हंगामाच्या महिन्यांत ट्रॅक्टर, ट्रक व बैलगाड्या यांची रांग लागलेली असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टर पुढे गेला की मूल पाऊल टाकते. मागची दुसरी ट्रॉली अजून यावयाची आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढण्याची मुलांची हौस तर सर्वांनाच ठाऊक आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी ती स्वतःही केलेली असेल. फरक एवढाच की त्या वेळी मागून येणारे वाहन बैलगाडीच असण्याचा संभव अधिक होता.

याखेरीज काही प्रसंग या जिल्ह्याचे म्हणून सांगता येतील. फाल्गुन-चैत्रात पहाटे महूची फुले वेचण्यास मुले बाहेर पडतात आणि महूची कित्येक झाडे रस्त्यालगत असतात. शेळ्या चारणारे मूल रस्त्याकडे नव्हे, शेळीकडे पाहत असते. शेळी पलीकडे गेली की तेही जाते. पावसाळ्यात डोक्यावरून पोत्याची किंवा प्लॅस्टिकची खोळ घेतली जाते. तिने पाऊस अडतो, पण दोन्ही बाजूंचे दिसणेही अडते. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. मुले आजी-आजोबांपाशी किंवा आश्रमशाळेत राहतात. ‘मोठ्या माणसाचा हात धरून रस्ता ओलांडावा’ हा पाठ्यपुस्तकातील उपदेश अशा ठिकाणी निरुपयोगी ठरतो. तेथे धाकट्या भावाला कडेवर घेतलेली नऊ वर्षांची बहीण हीच मोठी माणूस असते.

वेगाचे गणित

चालकाची निष्काळजी म्हणजे मद्यपान किंवा अंगावर वाहन घालणे असा समज आहे. प्रत्यक्षात ज्या निष्काळजीने मुले बळी पडतात ती फार साधी दिसणारी असते : शाळेसमोरून जाताना ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवणे. वीस किलोमीटरचा हा फरक चालकाला क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही, हे थोड्या गणिताने दाखविता येते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. समोर मूल दिसल्यावर चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास साधारण एक सेकंद लागतो असे धरू. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर व ब्रेक उत्तम असताना वाहन आणखी सुमारे ९ मीटर जाऊन थांबते. एकूण अंतर २० मीटर. ताशी ६० किलोमीटरला हेच अंतर सुमारे ३६ मीटर होते आणि ताशी ८० ला सुमारे ५७ मीटर. म्हणजे वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर जवळजवळ तिप्पट होते. रस्ता ओला असेल, टायर झिजलेले असतील किंवा ट्रकमध्ये माल भरलेला असेल तर हे सर्व आकडे आणखी वाढतात.

आता मूल २० मीटरवर आहे असे समजा. ताशी ४० ने येणारा चालक मुलापाशी येऊन थांबतो. मूल घाबरते, चालक रागावतो आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. ताशी ६० ने येणाऱ्या चालकाचे काय होते? पहिल्या सेकंदातच तो जवळपास १७ मीटर पुढे आलेला असतो. उरलेल्या ३ मीटरांत ब्रेक लागतो खरा, पण मुलापाशी पोहोचताना वाहनाचा वेग अजूनही ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास असतो. पहिला चालक जेथे पूर्ण थांबला तेथेच दुसरा जवळजवळ पूर्ण वेगाने आदळतो. दोघांचेही डोळे व ब्रेक सारखेच चांगले होते आणि दोघेही शुद्धीवर होते. ‘मी ब्रेक मारला, पण गाडी थांबली नाही’ हे अशा चालकाचे म्हणणे खोटे नसते. तथापि त्याचा दोष ब्रेक मारण्याच्या क्षणी नव्हे, त्याच्या आधी घडलेला असतो.

येथे हॉर्नविषयीही लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे वेग कमी करण्याऐवजी हॉर्न वाजविण्याची पद्धत रूढ आहे. हॉर्न वाजविला की आपले कर्तव्य संपले व यापुढे जबाबदारी समोरच्याची, अशी चालकाची धारणा दिसते. मोठा माणूस हॉर्न ऐकून मागे सरकतो. लहान मूल दचकून जागच्या जागी थिजते किंवा ज्या दिशेने निघाले होते त्याच दिशेने धावत सुटते. मुलाच्या बाबतीत हॉर्न अपघात टाळत नाही. कित्येकदा तो घडवून आणतो.

मुलाला काय दिसते?

पहिलीतील मुलाची उंची साधारण एक मीटरपेक्षा थोडी अधिक असते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या काळी-पिवळी जीपच्या पुढच्या भागावरून त्याला पलीकडचे दिसत नाही आणि पलीकडून येणाऱ्या चालकालाही ते दिसत नाही. एस.टी.तून उतरलेले मूल बसच्या पुढून वळसा घालून निघते तेव्हा हाच प्रकार घडतो. परंतु अडचण केवळ उंचीची नाही.

सन २०११ मध्ये लंडन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या दृष्टीविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. आपल्याकडे येणारी वस्तू डोळ्यांना मोठी होत जाताना दिसते आणि तिच्या मोठ्या होण्यावरून आपण तिचा वेग ताडतो. ही क्षमता वयाबरोबर वाढते. प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे हे खात्रीने ओळखता येईलच असे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलाने वाहन पाहिलेले असते. ते येत आहे हे त्याला कळलेले नसते. ‘बघून चालता येत नाही का?’ असे आपण रागावून विचारतो, त्यातील ‘बघणे’ त्या वयात पुरेसे नसते.

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टीना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच मुलांच्या वर्तनाचा दीर्घ अभ्यास करून सांगितले होते की, लहान मुलाला रहदारीशी पूर्णपणे जुळवून घेण्यास शिकविणे शक्य नाही. रहदारीलाच मुलाशी जुळवून घ्यावे लागेल.

आपल्या जिल्ह्यापुरती यात आणखी एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. अक्राणीच्या किंवा मोलगी भागाच्या पाड्यावर वाढलेल्या मुलाने जी वाहने पाहिलेली असतात ती घाटाच्या चढावर कण्हत जाणारी असतात. वाहन दिसल्यापासून ते येईपर्यंत बराच वेळ मिळतो, हा त्याचा अनुभव असतो आणि त्याच्या गावापुरता तो खराही असतो. हे मूल सहाव्या-सातव्या वर्षी सपाटीवरील आश्रमशाळेत येते व प्रथमच महामार्गासमोर उभे राहते. डोंगरातील अंदाज ते येथे वापरते. अशा मुलाला ‘बावळट’ म्हणणे हा अन्याय आहे.

शिकविण्यासारखे काय आहे?

याचा अर्थ मुलांना काही शिकवूच नये असा नव्हे. ‘थांबा, पहा, ऐका’ हा पाठ आवश्यक आहेच. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे प्रथम उजवीकडे, मग डावीकडे व पुन्हा उजवीकडे पाहावयाचे हेही त्यांना सांगितलेच पाहिजे. मात्र हा पाठ फळ्यावर देऊन भागत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची डाव्या-उजव्याचीच गल्लत होते. ‘महादेवाच्या देवळाकडे आधी पाहा, मग पाण्याच्या टाकीकडे पाहा’ असे त्याच्याच शाळेच्या दारात उभे राहून सांगितले तर ते लक्षात राहते. भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला हे त्याच्या बोलीत सांगितले गेले पाहिजे. संकटाच्या क्षणी ‘थांब’ हा शब्द ज्या भाषेत आईने उच्चारलेला असतो त्याच भाषेत तो मुलाला अडवितो. एस.टी.तून उतरल्यावर बस निघून जाईपर्यंत कडेला थांबावयाचे, ही एकच सवय पक्की झाली तरी पुष्कळ साधले. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालावे, हेही येथे सांगण्याजोगे आहे.

वरच्या वर्गांतील मुलांसाठी एक उपक्रम सुचवावासा वाटतो. शाळेसमोरील रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतर मोजून दोन टोकांना चुन्याच्या खुणा कराव्यात. शिक्षकांच्या देखरेखीखाली, कुंपणाच्या आत उभे राहून, वाहनाला या दोन खुणांमधील अंतर कापण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, साडेचार सेकंद लागले तर ४० आणि ३ सेकंदच लागले तर ६० किलोमीटर होय. आठवड्याभराच्या अशा नोंदींतून मुलांना गणिताचा पाठ मिळेल आणि गावाच्या हाती तारीख-वेळेसह एक नोंदवही येईल. ‘गाड्या फार जोरात जातात’ अशा अर्जाला कार्यालयात जे उत्तर मिळते त्यापेक्षा ‘शाळा सुटण्याच्या वेळी पाहिलेल्या इतक्या वाहनांपैकी इतकी ताशी ६० च्या वर होती’ या अर्जाला मिळणारे उत्तर वेगळे असण्याचा संभव अधिक.

रस्ता कोठे ओलांडावा हेही गणितानेच ठरविता येते. दुपदरी रस्त्याची रुंदी ७ मीटर धरली तर सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या लहान मुलाला पलीकडे जाण्यास ७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरचे वाहन सुमारे ११७ मीटर येते व ८० चे सुमारे १५५ मीटर. ज्या जागेवरून दोन्ही बाजूंना एवढा रस्ता मोकळा दिसत नाही, ती जागा ओलांडण्यासाठी अयोग्य समजावी. शाळेचे फाटक नेमके वळणावर असेल तर फाटकाची जागा बदलणे, हा रस्ता बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे.

ग्रामपंचायत व कार्यालये

एखादे मूल दगावले की गावकरी रास्ता रोको करतात आणि रातोरात मुरूम-सिमेंटचा गतिरोधक उभा राहतो. त्यामागील दुःख समजण्यासारखे आहे. परंतु पट्टे न रंगविलेला, फलक नसलेला, मनमानी उंचीचा गतिरोधक अंधारात मोटारसायकलस्वारांचे प्राण घेतो. गतिरोधकाची लांबी, उंची व जागा यांविषयी इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. महामार्गावर तो सहसा घेतला जात नाही. मात्र गावातून महामार्गाला मिळणाऱ्या जोडरस्त्यावर तो घेता येतो आणि तेथे त्याचा उपयोगही होतो. महामार्गावर आधी सूचनाफलक, मग रस्त्यावर उंच रंगीत पट्ट्या व मग पादचारी पट्टे अशी क्रमाने चालकाला जाणीव देणारी रचना करावी लागते. वाहतूक फार असेल तर मुलांना मध्ये थांबता यावे यासाठी दुभाजकात मोकळी जागा किंवा भुयारी मार्ग हाच उपाय उरतो. चौपदरीकरणाच्या आराखड्यात तो वेळीच मागावा लागतो. काम पूर्ण झाल्यावर तो मिळविणे कठीण असते.

अर्ज कोणाकडे करावा याविषयी पुष्कळ घोटाळा होतो व त्यात महिने जातात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा; राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग असतील तर सार्वजनिक बांधकाम विभाग; इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग असतील तर जिल्हा परिषद. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. ग्रामसभेचा ठराव, जागेचा कच्चा नकाशा व वर सांगितलेली नोंदवही या तीन गोष्टींसह प्रकरण तेथे गेले तर ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहण्याचे कारण उरत नाही.

काही गोष्टी मात्र सर्वस्वी गावाच्याच हातात आहेत. शाळेच्या दोन्ही बाजूंना टपऱ्या, लाकडाचे ढीग व उभ्या जीपगाड्या यांनी दृष्टी अडविलेली असते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ अन्वये गावातील सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे. टपरी बहुधा सदस्याच्या नातेवाइकाची असते, ही त्यातील खरी अडचण. खाऊचे दुकान शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे असेल तर मधल्या सुटीत मुले धावणारच. ते शाळेच्याच बाजूस आणण्यास दुकानदाराचीही हरकत नसते. एस.टी. व मानव विकास कार्यक्रमातील मुलींच्या बसगाड्या यांचा थांबा शाळेच्या अंगाला असावा, यासाठी आगारप्रमुखांशी बोलणे पुरेसे होते.

नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मृत्युमुखी पडली होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाने पालकांनी तेथे चळवळ उभारली. तिने मुलांना अधिक शिस्त लावण्याची मागणी केली नाही, तर वाहनांचा वेग व रस्त्यांची रचना यांत बदल मागितले आणि ते मिळविले. १९७६ मध्ये तेथे निवासी रस्त्यांवर वाहनाने माणसाच्या चालीने जावे असा कायदाच झाला. सन २०२० च्या स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने जेथे पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी अशी शिफारस केली आहे. लंडनच्या संशोधनातील ३२ किलोमीटरचा आकडा येथे आठवावा.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ अन्वये धोकादायक रीतीने वाहन चालविणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये बेदरकार वाहन चालविण्यास व कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्यास शिक्षा सांगितली आहे. भरपाईच्या दाव्यात अगदी लहान मुलावर निष्काळजीपणाचा वाटा टाकण्यास न्यायालये सामान्यतः तयार नसतात, हे ‘मूल अचानक आले’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तरीही मृताच्या वारसांना २ लाख व गंभीर जखमीस ५० हजार रुपये मिळण्याची तरतूद कलम १६१ खाली आहे. तिची माहिती पाड्यावरील कुटुंबाला नसते. ती देणे हे पोलीस पाटील, तलाठी व ग्रामसेवक यांचे काम होय. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्यास कलम १३४-अ चे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहण्याचे कारण नाही.

हायस्कुलातील मुलगा मोटारसायकलवर तिघांना बसवून शाळेसमोरून जातो, हे दृश्य आता खेड्यातही नवे नाही. कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाच्या अशा गुन्ह्यास पालक वा वाहनमालक जबाबदार असून तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तसेच वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. पालकसभेत हे एकदा वाचून दाखविल्यास उपयोग होईल.

शाळेच्या बसगाड्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०११ साली केलेल्या नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी लागते. या समितीने गाडीच्या कागदपत्रांपुरते न पाहता मुले फाटकातून बाहेर कशी पडतात हेही पाहावे. शाळा सुटताना लहान वर्ग दहा मिनिटे आधी, एका शिक्षकाबरोबर आणि एकाच जागेवरून सोडण्यास कोणत्याही मंजुरीची गरज नाही. रस्त्यावरील पांढरे पट्टे एका पावसाळ्यात पुसट होतात. ते मे महिन्यातच नव्याने रंगवावेत असे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बांधकाम कार्यालयास गेले, तर जूनमध्ये आश्रमशाळा उघडते व डोंगरातून आलेली नवी मुले प्रथमच त्या रस्त्यासमोर उभी राहतात, त्या दिवशी ते पट्टे चालकाला दिसतील.